वाटे लावण्याआधी

भातकापणीच्या दिवसांतल्या एका रविवारी, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी, कुंभवलीतल्या एका घराच्या गच्चीवर हेमंतचे कान गेले. उजवा पूर्ण, डावा बराचसा. त्या मिनिटाला शेजारच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रिअ‍ॅक्टर फुटला होता. हेमंतच्या कानांवर हेडफोन होते आणि समोरच्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण चालू होतं.

त्याच्या बावीस तास आधी, शनिवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, सॉफ्टवेअरच्या एका यादीत एक पॅकेज दोन गटांपैकी एका गटातून काढलं गेलं. बदल नोंदवणारी मी. तपासणारा हेमंत.

या दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध किती, हे आजही निश्चित सांगता येत नाही.

कापणी पुन्हा आली आहे. पाऊस थांबला की पालघर तालुक्यात ऊन अंगावर धावून येतं. मासवणच्या उतारांवरची भातं पिवळी पडून वाकली आहेत आणि सकाळपासून विळे चालू आहेत. जवळ उभं राहिलं तर विळ्याचा आवाज कापण्याचा वाटत नाही, फाडण्याचा वाटतो. रोपांची मूठ गळा धरल्यासारखी धरायची आणि खालून पातं ओढायचं. मागे राहिलेल्या थोटांवर अनवाणी पाय पडला तर रक्त येतं. खाली बोईसरच्या बाजूला याच दिवसांत वास बदलतो. पावसात दबलेलं सगळं कोरड्या हवेत मोकळं सुटतं, डोळ्यांना झोंबतं, घशात जाऊन बसतं. वसाहतीला लागून अजून काही खाचरं उरली आहेत. तिथलं भात कापणारी माणसं तोंडावर फडकी बांधून कापतात.

यंदाची कापणी संपायच्या आत एक गोष्ट ठरायची होती. आवाजाच्या गटांचा सांभाळकर्ता म्हणून यादीत वर्षभर हेमंतचंच नाव होतं आणि वर्षभर त्याने लॅपटॉप उघडला नव्हता. मुख्य चमूकडून तीन पत्रं आली होती. तिसऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं की कुणीतरी काम हाती घ्यावं, नाहीतर हे गट पुढच्या आवृत्तीतून गाळले जातील. नाव बदलायचा अधिकार मला होता. मी बदललं नव्हतं.

हे काम काय होतं ते सांगायला हवं. लिनक्स ही कुणालाही उघडून पाहता येणारी, बदलता येणारी संगणकप्रणाली आहे. तिची अनेक वितरणं निघतात. त्यातलं एक चित्रकार, संगीतकार, छायाचित्रकार, पुस्तकं मांडणारे अशांसाठी निघतं आणि ठिकठिकाणची माणसं ते हौसेने बनवतात. त्यातली पॅकेजं गटांमध्ये लावण्याचं काम आम्हा तिघांकडे आलं. पॅकेज म्हणजे एक सॉफ्टवेअर आणि त्याला लागणाऱ्या फायली, एकत्र बांधलेल्या. प्रणाली बसवणारा माणूस गटांच्या नावांपुढे खुणा करतो. चित्र, छायाचित्र, चलचित्र, छपाई, ध्वनिमुद्रण. ज्या गटापुढे खूण, तेवढीच पॅकेजं त्याच्या संगणकात उतरतात. मार्गदर्शिकेत एक वाक्य आहे: ‘पॅकेज कोणत्या गटात आहे, यावर ते गरजेच्या वेळी हाताशी असेल की नाही, हे ठरतं.’ ते वाक्य मी लिहिलं आहे.

माझं काम लिहिण्याचंच होतं. वीसेक वर्षं जिल्ह्याच्या बातम्या लिहिल्यावर मी नोकरी सोडली होती. प्रत्येक पॅकेजचं मराठीतून दोन ओळींचं वर्णन मी लिहायची. मासवणची प्रज्ञा चित्रांचे गट पाहायची. तिने कलाशिक्षणाचा डिप्लोमा केला होता, घरी डोंगरउताराची थोडी पावसाळी शेती. आवाजाचे दोन गट हेमंतचे. तो एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होता, दाब आणि तापमान मोजणारी यंत्रं दुरुस्त करायचा. सुट्टीच्या दिवशी भजनी मंडळांचं आणि लग्नांचं साऊंड सांभाळायचा. रस्त्याने चालताना भिंतीपलीकडच्या पंपाचं बेअरिंग गेलंय हे तो ऐकून सांगायचा आणि ते गेलेलं असायचं.

वर्गीकरण हे शांत काम आहे असा बाहेरच्यांचा समज असतो. हेमंतच्या पुढच्या खोलीत ते काम हाणामारीच्या काठावर चालायचं. चित्र आणि आवाज एकत्र जोडणाऱ्या एका पॅकेजवरून दीड तास भांडण झालेलं मला आठवतं.

“त्यात आवाज हाय. माझ्या गटात येल,” हेमंत म्हणाला.

“चित्र कोण काढतं त्यात? दादा, सगळंच कसं तुमचं? तुमाला आंदण दिलंय काय?” प्रज्ञा म्हणाली.

हेमंतने माऊस भिंतीवर फेकला. त्याचं झाकण एकीकडे, बॅटरी एकीकडे. आतून त्याच्या बायकोचा, संगीताचा आवाज आला.

“फोडा, फोडा. आज उंदीर फोडला, उद्या डोकी फोडा. चा ठेवू का काठ्या आनू?”

“चा ठेव,” हेमंत म्हणाला. “काठी प्रज्ञाला दे. माझी हाय माझ्याकडं.”

संगणकाची भाषाही आमच्या तोंडी तशीच झाली होती. अडकलेला प्रोग्राम बंद करायचा म्हणजे मारायचा. “मेला काय?” “नाय, परत उठला.” “मुळासकट उपट, मग उठतो का बघ.” ओट्यावर बसणारी शेजारीण एकदा हे ऐकून उठून गेली होती.

भांडण मिटेना तेव्हा संगीता आम्हाला दांडीला घेऊन गेली. दांडी तिचं माहेर, समुद्रावरचं कोळी गाव. “वाटे कसे लावतात ते बघा जरा,” ती म्हणाली. होडी लागली, टोपल्या रेतीवर उपड्या झाल्या. सगळं अजून जिवंत होतं. कोळंबी उडत होती, मांदेली तोंडं उघडून मिटत होती, एक मुशी शेपटीचे तडाखे देत बाकीच्यांना चिरडत होती. संगीता भावजयीशेजारी उकिडवी बसली. तिने आधी शिंगाळे हुडकून बाजूला ओढले, एकेकाला पायाखाली दाबून दगडाने त्याच्या पाठीवरचा आणि कुशीतले काटे मोडले. कडाक, कडाक. मग उरलेल्या ढिगाकडे वळली आणि तिचे हात दिसेनासे झाले. बोंबील इकडे, कोळंबी तिकडे, ढोमी पलीकडे. थोड्याच वेळात रेतीवर वाट्यांची, म्हणजे विकायच्या छोट्या ढिगांची, रांग उभी राहिली.

“ढोमी त्या वाट्यात पण चालली असती ना?” प्रज्ञाने विचारलं.

“एकदा पडली ती पडली. एक म्हावरा, एक वाटा. आज हितं, मंग तितं केलं तर गिऱ्हाईक कोयता घेऊन येल अंगावर.”

हेमंतने माझ्याकडे पाहिलं. “बातमीबाई, लिहून घ्या. नियम मिळाला.”

मी लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी मार्गदर्शिकेत नियम गेला: एक पॅकेज, एक गट. भांडणं त्या दिवसापासून थांबली. काम झपाट्याने पुढे गेलं.

शनिवारी जे पॅकेज एका गटातून काढलं, त्याचं काम आवाज आवरण्याचं. त्याला लिमिटर म्हणतात. मर्यादा ठरवून दिली की कितीही मोठा आवाज आला तरी ते त्याला तिथेच दाबून धरतं, पुढे जाऊ देत नाही. ध्वनिमुद्रण करताना ते लागतं आणि गाणं पूर्ण झाल्यावर शेवटची सफाई करतानाही लागतं. त्यामुळे ते दोन गटांत दिसत होतं, एक ‘ध्वनिमुद्रण’ आणि दुसरा ‘शेवटचा हात’. एका वापरणाऱ्याने तक्रार केली की नियम एक गटाचा आहे आणि हे दोनदा दिसतं. तक्रार बरोबर होती. मी हेमंतला फोन केला. तो एका हळदीच्या मांडवात स्पीकर लावत होता.

“कुठं ठेवू?”

“शेवटचा हात. खरं काम त्याचं तिथं. हॅलो, हॅलो, माईक चेक... तुमाला नाय बोललो, बाई. करा बदल, मी करतो ओके.”

सहा चाळीसला बदल नोंदवला. सहा एक्केचाळीसला फोनवरून त्याने तो मंजूर केला.

रविवारी हेमंतने लॅपटॉप पुसून त्यावर नवी यादी बसवली. प्रत्येक गट एकटा चालतो का हे पाहायचं होतं, म्हणून त्याने फक्त ‘ध्वनिमुद्रण’पुढे खूण केली. लॅपटॉपवरच्या नोंदी शाबूत आहेत. चार वाजून दोन मिनिटांनी त्याने आपली जपून ठेवलेली नेहमीची मांडणी उघडली: माईक, मग लिमिटर, मग हेडफोन. पडद्यावर एक खिडकी आली: लिमिटर सापडला नाही, त्याशिवाय पुढे जायचं का? त्याने ‘हो’ दाबलं. ती खिडकी मीही शेकडो वेळा तशीच उडवून लावली आहे.

त्याला वाळलेल्या भाताचा आवाज हवा होता. गच्चीच्या मागे एक खाचर होतं, त्यापलीकडे वसाहतीची भिंत. रविवार असल्याने यंत्रं थोडी कमी होती. वाऱ्यावर लोंब्या एकमेकींना घासतात तो आवाज इतका बारीक की तो पकडायला माईकची ताकद पूर्ण वाढवावी लागते आणि ऐकायला हेडफोनची. दोन्ही पूर्ण वाढवलेली होती.

ती फाईल अजून आहे. मी ती ऐकलेली नाही, पाहिली आहे. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. बराच वेळ ती केसाएवढी आहे. चार चाळीसला ती वर आणि खाली दोन्ही काठांना भिडते आणि तिथे तिचा ठोकळा होतो.

बाकीचं संगीताकडून कळलं, काही मी तासाभराने तिथे पोहोचल्यावर पाहिलं. खिडक्यांच्या काचा आत आल्या, बाहेर नाही. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यात काच, गादीत काच, देवाच्या तसबिरीची काच देवाच्याच तोंडावर. कारखान्याच्या छपराचा पत्रा गिरक्या घेत आला आणि खाचरातल्या भातात उभा रुतला. आधी पांढरा धूर, मग पिवळा. रस्त्याने माणसं पळत होती, काहींचे कपडे अंगाला चिकटले होते आणि ते ओढून काढू नका असं कुणीतरी ओरडत होतं. तळमजल्यावरचा भाडेकरू संतोष, बिहारकडचा, जिन्यात आडवा उभा राहिला.

“भाभी, ऊपर मत जाइए! काँच गिर रहा है!”

संगीता त्याला ढकलून वर गेली. हेमंत बसलेला होता. हेडफोन कानांवरच होते आणि तो त्यांची वायर हाताने चाचपत होता. उजव्या बाजूने मानेवर रक्ताची रेघ उतरली होती.

“वायर निघाली बघ,” तो म्हणाला. “आवाज येत नाय.”

अशा स्फोटांच्या बातम्या मी अनेक लिहिल्या आहेत. त्यांचा साचा ठरलेला असतो. वेळ, ठिकाण, आत किती होते याचा तीन वेळा बदलणारा आकडा, चौकशीचे आदेश. दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य हमखास येतं: स्फोटाचा आवाज काही किलोमीटरपर्यंत ऐकू गेला. ते वाक्य मी कधीच चुकवलं नाही. कुणाला ऐकू गेला, हे मला कुठल्याही संपादकाने विचारलं नाही.

कानाच्या डॉक्टरांना मी दोनदा भेटले. प्रश्न एकच होता. इजा थेट स्फोटाने किती आणि हेडफोनमधून किती? डॉक्टरांनी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. दोन्ही कारणं शक्य आहेत. वाटणी करता येणार नाही. लिमिटर असता तर? तो त्यांचा विषय नव्हता.

हेमंतच्या डाव्या कानात आता यंत्र आहे. समोर बसून, सावकाश, एकाने बोललं तर त्याला बरंच कळतं. बारीक आवाज गेलेच. कारखान्याने त्याला स्टोअरमध्ये बसवलं आहे, तिथे पंप नाहीत. तो स्वतः मात्र ओरडून बोलतो, कारण स्वतःचा आवाज त्याला पुरत नाही.

“सांग, अजून मोठ्यानं सांग,” संगीता त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणते. “आज घरात मटान हाय हे बोईसर स्टेशनात कळूदे.”

दिवाळीला दारात फटाके वाजले तेव्हा तो दचकला नव्हता. वाटीतले पोहे खात बसला होता. दचकलो आम्ही.

शनिवारच्या बदलाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. नोंदी उघड्या असतात, कुणालाही वाचता येतात. त्याने त्या वाचल्या आहेत का, हे मला माहीत नव्हतं.

“ताई, तुमी नाव काढणार काय त्यांचं?” प्रज्ञाने या महिन्यात मला विचारलं.

“काढलं नाही तर गट जातील.”

“आणि काढलं तर माणूस.”

तिच्या घरी झोडणी होती, तिने सगळ्यांना बोलावलं. मासवणच्या खळ्यावर तिरकी फळी लावली होती. भाताची पेंढी दोन्ही हातांनी डोक्यामागे न्यायची आणि फळीवर जीव खाऊन आपटायची. दाणे छर्र्यांसारखे उडतात, तोंडावर बसतात. तिचे वडील आणि भाऊ आळीपाळीने आपटत होते. पूर्वी हेमंतने याच खळ्यावर हाच आवाज मुद्रित केला होता आणि पाचव्या तडाख्याला सांगितलं होतं की फळी डावीकडे चिरली आहे. या वेळी तो फळीजवळ गेला आणि कडेला तळहात टेकवून उभा राहिला. प्रत्येक तडाख्याला त्याचा खांदा हलत होता.

“काय रं, ताप बघतो काय तिचा?” प्रज्ञाचे वडील म्हणाले. हेमंतला ते कळलं नाही. कळल्यावर तो ओरडून म्हणाला, “ताप नाय, चिरली हाय! अजून तीच फळी?” खळ्यावर सगळे हसले.

पुढच्या रविवारी दांडीला संगीताच्या भावाची होडी लागायची होती. हेमंतही आला. होडी आली, टोपल्या उपड्या झाल्या, तीच तडफड. संगीताने शिंगाळे ओढून घेतले, पायाखाली दाबले, दगड उचलला. हेमंत तिच्या अगदी समोर उकिडवा बसला होता. दगड पडत होता, काटा तुटून रेतीत जात होता. मला कडाक ऐकू येत होतं. तो पाहत होता.

“हे आधीच का मोडतेस?” त्याने विचारलं. आसपासच्या बायकांनी वळून पाहिलं इतक्या मोठ्याने.

“ईख असतं त्यात. लागला तर हात सुजून खांद्यापरेंत येतो.”

“पण ते जाणार एकाच वाट्यात. त्या वाट्यात गेल्यावर मोड.”

संगीताने दगड खाली ठेवला आणि त्याला दिसेल असं, सावकाश म्हणाली, “वाटा कुठचा बी असूदे. हात घालनारा हात घालतोच ना? म्हनून आदी काटा. वाटे मंग.”

हेमंत तिच्या ओठांकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळला.

“बाई, तुमी त्या दिवशी लिहून घेत होतात.”

वही पिशवीत होती. जुन्या वह्या मी टाकत नाही. पान काढून त्याच्यासमोर धरलं. त्यावर दोन ओळी होत्या. पहिली: ‘संगीता आधी शिंगाळ्यांचे काटे मोडते, मग वाटे लावते.’ दुसरी: ‘एक म्हावरा, एक वाटा.’ दुसऱ्या ओळीखाली रेघ मारलेली होती.

त्याने वाचलं. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. “हे विचारलं नाय तिला? का मोडते?”

मी मान हलवली. नाही.

“मी पण नाय,” तो म्हणाला. मग वही मिटून माझ्या हातात दिली. “आणि शनिवारी न बघता ओके मी केलं. वाचलं मी ते. दवाखान्यातून आलो त्याच आठवड्यात वाचलं.”

हे तो नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडून म्हणाला. शेजारची कोळीण म्हणाली, “काय वाचलं गो ह्यानं?” संगीता म्हणाली, “त्यांच्या मशिनीतलं हाय काय ते.” आणि तिने पुढचा शिंगाळा पायाखाली घेतला.

मंगळवारी दुपारी चार वाजून अठरा मिनिटांनी यादीत बदलाची एक विनंती आली. पॅकेज: लिमिटर. जुना गट: शेवटचा हात. नवा गट: मूळ. मूळ गटात कळफलक, अक्षरं अशा गोष्टी असतात. तो प्रत्येक संगणकात आधी उतरतो आणि त्यापुढची खूण काढता येत नाही. विनंती करणारा: हेमंत, सांभाळकर्ता, आवाज. कारणाच्या रकान्यात एक ओळ होती: ‘आधी काटा, मग वाटे.’

तपासणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. एक लॅपटॉप पुसला. नवी यादी बसवली. एकाही गटापुढे खूण केली नाही. लिमिटर उतरला होता. मग ‘ध्वनिमुद्रण’ गट चढवून हेमंतची मांडणी उघडली; या वेळी ती खिडकी आली नाही. माईकची ताकद पूर्ण वाढवली, हेडफोन टेबलावर ठेवले, माईकजवळ स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. पडद्यावरची रेघ वर गेली आणि काठाच्या अलीकडे थांबली. ताट आणखी दोनदा टाकलं. रेघ दोन्ही वेळा तिथेच थांबली.

विनंती पाच वाजून सहा मिनिटांनी मंजूर झाली.